टाय खाणारा बोकड

आमच्या स्टुडिओत कार्टून पुरं झालं की रंगवलेले सेल्युलॉइडचे पारदर्शक ताव धुवायला आम्हा बायकांकडे यायचे. कोमट पाण्यात बुडवून, रंग खरवडून आम्ही ते कोरे करायचो, आणि त्यांच्यावरच पुढचं कार्टून रंगायचं. मूळ पेन्सिलीची चित्रं सरळ कचऱ्यात. मालक एक नंबरचा चिक्कू! पडद्यावर नावही एकट्या दिग्दर्शकाचंच.

वेन्डेल प्रुइटचा बोकड मी असा कितीदा तरी धुतला. लोकांचे टाय खाणारा तो बोकड अख्ख्या अमेरिकेला ठाऊक. त्याची चित्रं काढून त्याला चालायला लावणारा वेन्डेल कुणालाच नाही. त्याचा सासरा मरेपर्यंत समजत होता की जावई दुकानांच्या पाट्या रंगवतो.

मग वेन्डेलचा हात थरथरायला लागला आणि स्टुडिओने त्याला नारळ दिला. तेवढ्यात बोकड टेलिव्हिजनवर लापशीच्या जाहिरातीत येणार असं कळलं. वेन्डेलला आपला बोकड परत काढायला हवा होता, दुसरं काही नको. त्याला गाडी चालवणं जमेना, म्हणून त्या जाहिरातवाल्यांकडे मीच घेऊन गेले.

तिथला साहेब, कॉलवे, आमच्या मुलांच्या वयाचा.

"तुमच्या कामाचे नमुने?"

"ते हिने धुतले," वेन्डेल माझ्याकडे बोट दाखवून हसला.

"काका, इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो, बोकड माझाच."

"कागद द्या. आत्ता काढतो."

डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरत त्याने बोकड काढला. मी ओळखला. मान खाली, नजर टायवर, पुढचा खूर जरा जड पडलेला.

कॉलवेने लापशीचा डबा शेजारी ठेवला. त्यावरचा बोकड बटाट्याएवढे डोळे करून दात काढत होता.

"वाईट नाही. पण आमचा बोकड असा दिसत नाही. हा बघून सराव करा, काका."

"हे कुठलं ध्यान?" वेन्डेल पुटपुटला. कॉलवेने ऐकलंही नाही.

परतताना गाडीत वेन्डेल म्हणाला, "हेझल, तुमच्या टेबलावर जागा आहे का गं?"

"अहो, ते बायकांचं काम."

"हात थरथरला तरी चालतं ना?"

सोमवारी तो माझ्या शेजारी येऊन बसला. पहिलाच गठ्ठा बोकडाचा निघाला, आता दुसऱ्याच कुणीतरी काढलेला. वेन्डेलने दोन-चार ताव उजेडाकडे धरून भराभर चाळले.

"पायच टेकत नाही गं याचा," तो म्हणाला.

"प्रुइट, बघत काय बसलात? घासा!" मुकादमीण ओरडली.

त्याने बोकड पाण्यात सोडला आणि घासायला लागला. मला रडू फुटलं. त्याच्या हाताची थरथर थांबत नव्हती. रंग आमच्यापेक्षा लवकर निघाला.