कानाडोळा

दोन्ही कॉलेजांची पत्रं एकाच सकाळी आली आणि दुपारपर्यंत आमच्या घरात तीन तज्ज्ञ तयार झाले. काका, आत्या आणि दुकानाशेजारचा शिंपी. त्या सकाळपर्यंत तिघांपैकी कोणालाही ऑप्टोमेट्री हा शब्द ठाऊक नव्हता. आत्या अजूनही 'ऑटोमेट्री' म्हणते, त्यामुळे मी मोटारी दुरुस्त करायला शिकणार असा शिंप्याचा समज झाला.

"डोळे तपासायचं शिक्षण आहे ते," मी सांगितलं.

"ते तर तुझे बाबा न शिकताच करायचे," शिंपी म्हणाला. त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं.

काकांनी दोन्ही पत्रं दोन हातांत धरली आणि खूश होऊन म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन." चष्मेवाल्याच्या घरात ही म्हण कोणी काढू नये एवढं त्यांना पासष्टाव्या वर्षी कळायला हरकत नव्हती.

शुक्रवारी पाचच्या आत एका कॉलेजला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायचं होतं. बाबांना जाऊन सात महिने झाले होते. त्यांच्या दुकानात मी अकरा वर्षं काचा घासून फ्रेममध्ये बसवत होते. माझ्याकडे साहित्याची पदवी आहे, म्हणजे काचा घासताना विचार करायला विषयांची कमतरता नव्हती. डोळे बाबा तपासायचे. ते गेल्यापासून तपासणीची खुर्ची रिकामी होती आणि आलेल्या गिऱ्हाइकाला मी दुसरीकडून नंबर काढून आणायला सांगत होते. मला त्या खुर्चीपुढे बाबांच्या जागी उभं राहायचं होतं. ते करायचे तेच, ते करायचे तसंच करायचं होतं. त्यासाठी कोणत्या दारातून जायचं, एवढाच प्रश्न आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

तसंच म्हणजे कसं, तेही सांगते. दुकानात अक्षरांचा एक तक्ता होता. तीस वर्षं एकाच भिंतीवर, एकाच खिळ्याला. अख्ख्या गल्लीला तो पाठ होता. शिंपी तर सुईत दोरा ओवता ओवता खालच्या दोन ओळी म्हणून दाखवायचा. बाबांना हे माहीत होतं, म्हणून ते मधूनच उलट्या क्रमाने विचारायचे आणि लोकांना पकडायचे. दर एक तारखेला ते स्वतःची नजरही तपासायचे. एकेक डोळा झाकून शेवटची ओळ घडाघडा वाचायचे, आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत असलेलं छापखान्याचं नावसुद्धा. "छापखान्यासकट," असं म्हणून ते डोळ्यावरचा हात काढायचे. साठी ओलांडलेल्या माणसाची ही नजर बघून गिऱ्हाइकं गार व्हायची.

मंगळवारी मी पहिलं कॉलेज बघायला गेले. काका बरोबर आले, कारण त्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं. इमारत पायापासून छपरापर्यंत काचेची होती. आत शिरताना काका दारावर आपटले, कारण दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं. डोळ्यांच्या कॉलेजला हे शोभून दिसलं.

संचालकांनी उभं राहून स्वागत केलं. त्यांच्या डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा होता. चष्म्याला नंबर असला की काचेतून दिसणारी गालाची कड जराशी सरकते. यांची कड काचेच्या आत आणि बाहेर एका रेषेत होती. नंबर शून्य. गृहस्थ डोळ्यांचं कॉलेज चालवत होते आणि चष्मा शोभेला घालत होते.

"तुमचा अर्ज वाचून आम्ही भारावून गेलो," ते म्हणाले. "वडिलांचा वारसा. तीस वर्षांची सेवा. फार प्रेरणादायी."

काकांनी मान डोलावली, जणू सेवा त्यांनीच केली होती.

"आमच्याकडे एक प्रेरणा भिंत आहे. तिच्यावर वडिलांचा फोटो लावू. खाली मजकूर, तीनशे शब्दांच्या आत."

मग त्यांनी एक यंत्र दाखवलं. हनुवटी टेकवा, आठ सेकंद थांबा, नंबर छापून येतो. काकांनी हनुवटी टेकवली. चिठ्ठी आली. ती त्यांनी बसच्या तिकिटासारखी जपून खिशात ठेवली. बाबा कसे गेले हे तिथे कोणी विचारलं नाही. मला ते सभ्यपणाचं वाटलं.

परत येताना काका म्हणाले, "बघितलंस? माणसाची किंमत कशी करतात. दादाचं नाव भिंतीवर लागेल."

"भिंतीवर जाहिरातीही लागतात, काका."

"तुझी जीभ थेट आईवर गेलीय."

दुसरं कॉलेज एका जुन्या इस्पितळाच्या तळघरात होतं. बुधवारी मी एकटीच गेले. दिशा दाखवणारा बाण मला आधी धोबीखान्यात घेऊन गेला. तिथल्या माणसाने मान वर न करता "डोळे का? पलीकडे" म्हटलं, म्हणजे रोज कोणी ना कोणी तिथे पोचत असणार. वर्गात एकसारख्या दोन खुर्च्या नव्हत्या. भिंतीला ओल होती. मुख्य बाई बुटक्या होत्या. स्वेटरच्या कोपराला वेगळ्याच रंगाचं रफू केलेलं होतं. त्या बशीत बिस्किट मोडत होत्या.

"बसा. अर्ज वाचला. लांब आहे." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "वडील कशाने गेले?"

"अपघात झाला. दुकानाजवळच्या कोपऱ्यावर, रस्ता ओलांडताना."

"दिवसा?"

"सकाळी दहाला."

"गाडी कुठून आली?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी गाडीचा रंग विचारला होता, विमेवाल्याने बाबांचं वय विचारलं होतं.

"डावीकडून," मी म्हटलं. "वेगात नव्हती. चालक सांगत होता, 'त्यांनी तोंड जरासं माझ्याकडे वळवलं होतं, मला वाटलं थांबतील.'"

बाईंनी बिस्किट खाली ठेवलं. "घरी कधी धडपडायचे? काही सांडायचे?"

मला हसू आलं. बाबांचा धांदरटपणा हा आमच्या घरातला कायमचा विनोद होता. मी सांगत सुटले. चहाचा कप डावीकडे ठेवला की सांडलाच म्हणून समजा, म्हणून आम्ही तो नेहमी उजव्या हाताला ठेवायचो. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, तोही डावाच. सदरे आधी डाव्या बाहीला विरायचे. आत्या म्हणायची, दादाला डावं अंगच नाही. मी हे सगळं रंगवून सांगत होते आणि अर्ध्यावर मला माझंच बोलणं ऐकू आलं.

"नजर कशी होती?" बाईंनी विचारलं.

"उत्तम. शेवटची ओळ वाचायचे. छापखान्याचं नावसुद्धा."

"वाचणारच. तक्ता समोरचं विचारतो. कडेचं विचारत नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. बोट हललं की सांगा." त्यांचं बोट कुठूनतरी मागून येत होतं, मी सांगत होते. अर्धं मिनिटही लागलं नाही. यंत्र नाही, चिठ्ठी नाही. "काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत शाबूत राहू शकतं. कडा आधी जातात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. तुमच्या वडिलांना तो होता असं मी म्हणत नाही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण कोणीतरी बघायला हवं होतं."

"ते स्वतःच स्वतःचे डोळे तपासायचे."

"तेच म्हणतेय मी."

त्यांनी खुर्ची पुन्हा मागे ओढली. "त्यांच्या दुकानातून आमच्याकडे लोक यायचे. चष्मे सुरेख बसवलेले असायचे." चष्मे बसवायचं काम माझं होतं. "फक्त यायला उशीर झालेला असायचा."

मी बिस्किट तसंच ठेवून उठले. तळघराचा जिना चढून होईपर्यंत काचेच्या कॉलेजला मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. रफू केलेल्या स्वेटरमधल्या एका बाईने सात मिनिटांत माझ्या बाबांची तीस वर्षं मोडून बशीत ठेवली होती. काचेच्या कॉलेजात त्यांना भिंत मिळणार होती. मुलगी म्हणून आणखी काय करता येतं?

गुरुवारी सकाळी आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. ती तिच्या जागेवर होती, म्हणजे बाबांच्या रिकाम्या खुर्चीच्या डाव्या हाताला.

"काय म्हणाली तळघरवाली?"

"ओल आहे तिथे."

"मग काचेचं घे. तिथे तुझ्या बाबांचं नाव लावणार म्हणे."

"हो."

"लावू देत. भिंतीवरून तरी बघतील माणसांकडे. माझ्याकडे शेवटची दोन वर्षं नुसता कानाडोळा." ती हे मटाराच्या शेंगेइतक्याच सहज बोलली आणि दाणे भांड्यात पडले.

"कानाडोळा कसला?"

"तुम्हाला नाही कळायचं. मी इथे बसून बोलायचे. उत्तर यायचं, पण माणूस इकडे बघेल तर शपथ. वाढायला हात पुढे केला तर दचकायचे, भूत बघितल्यासारखे. समोरच्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी केसभर वाकडी असली तर दिसायची त्यांना." तिने आणखी एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "रोज सकाळी मी कोपऱ्यापर्यंत जायचे त्यांच्याबरोबर. त्या दिवशी नाही गेले. म्हटलं, ज्या माणसाला मी दिसतच नाही, त्याच्याबरोबर कशाला जायचं?"

सात महिन्यांत तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही सांगायचं नसावं. मटार सोलताना माणसाच्या तोंडून काहीही निघून जातं.

मी गप्प बसू शकले असते. गप्प बसणं सोपं होतं. भिंत मिळाली असती, तीनशे शब्द मिळाले असते, आणि आई उरलेलं आयुष्य एका माणसाने आपल्याकडे बघणं का सोडलं याचा विचार करत या खुर्चीवर बसली असती. सांगितलं तर तिचा तो सल जाणार होता, पण त्याच्या जागी तो कोपरा येणार होता आणि त्या कोपऱ्यावर न गेलेली ती. कुठलं हलकं, ते मला ठरवता येईना. मग माझ्या लक्षात आलं की ते ठरवायचा हक्क मला नाही.

मी सांगितलं. कप, चौकट, बाही, बाईंचं बोट, सगळं. भांड्यात बोटं घालून आई दाणे खालीवर करत राहिली.

"म्हणजे दिसत नव्हते मी," ती शेवटी म्हणाली.

"बहुतेक. नक्की सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या."

"मुद्दाम नव्हतं."

"नाही."

"आणि मी समोर बसले असते तर?"

"दिसली असतीस."

ती उठली, गॅसवर काही नसताना गॅसपाशी गेली, परत आली आणि बाबांच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी राहिली. "शहाणा माणूस," ती म्हणाली. "जन्मभर लोकांना विचारत राहिला, दिसतंय का, दिसतंय का. बायकोला एकदा तरी म्हणायचं, अगं, तिकडचं दिसत नाही." मग तिने विचारलं, "त्यांनाही माहीत नसेल, ना?"

"नसेल."

"त्या बाईला बरं कळलं."

"तिने विचारलं म्हणून."

शुक्रवारी तीन वाजता काका आले. भिंतीसाठीचा मजकूर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. दुसरंच वाक्य होतं, 'त्यांच्या तीक्ष्ण नजरेतून काहीही सुटत नसे.'

"काका, मी तळघरात जातेय."

त्यांनी कागद खाली केला. "शब्द जास्त झाले का? कमी करतो."

"शब्दांचं नाही."

"मग डोकं फिरलंय तुझं. दादाची मुलगी तळघरात बसून शिकणार? लोक काय म्हणतील? अगं, तिथे यंत्रसुद्धा नाही."

"भावोजी," आई म्हणाली, "त्या यंत्राने तुमचा नंबर किती सांगितला?"

काकांनी खिशातून चिठ्ठी काढली, हात लांब करून वाचायचा प्रयत्न केला, मग आणखी लांब केला आणि माझ्याकडे दिली. मी वाचून दाखवली. त्यांचा चष्मा आणि चिठ्ठी यांचं काही जुळत नव्हतं. चष्मा बाबांनी दिलेला होता. तो बरोबर होता की चिठ्ठी, हे मला सांगता आलं नाही. दोन दिवसांपूर्वी मी क्षणात सांगितलं असतं.

नकार कळवायला काचेच्या कॉलेजाचा फोनवर एक फॉर्म होता. कारण निवडा: अंतर, आरोग्य, कौटुंबिक, इतर. त्याखाली सुविधांना तारे द्यायचे होते. मी पाच तारे दिले, सुविधा होत्याच तशा. कारणापाशी मात्र हात थांबला. कौटुंबिक म्हणावं, तर ते खरं होतं. आरोग्य म्हणावं, तर तेही खरं होतं.

"किती वेळ लावतेस," आई मागून म्हणाली. "काहीतरी दाब."

मी 'इतर' दाबलं. पावणेपाच झाले होते. नकारावर काचेच्या कॉलेजाने तत्काळ माझे मनःपूर्वक अभिनंदन केले.

"वर्ग कधीपासून?" आईने विचारलं.

"पुढच्या महिन्यात. पहिलं वर्ष नुसतं पुस्तकी असतं, आई. पेशंटला हात लावू देत नाहीत."

"तुझ्यासाठी कोण थांबतंय? मी सोमवारी जाते. त्या बाई किती वाजता येतात?"

"नऊला. पण तुला काय होतंय?"

"मला कुठे काय होतंय," ती म्हणाली. "माझेही डोळे आजवर तुझ्या बाबांनीच तपासलेत."