निर्दंशबाबांचा पिंजरा

सहा वाजायच्या आत सभागृह भरलं होतं. खुर्च्या संपल्या, मग पायऱ्या संपल्या, मग माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढली. मंचावर एक टेबल, टेबलावर पांढऱ्या जाळीचा हातभर लांब-रुंद पिंजरा आणि पिंजऱ्यात डास. थोडेथोडके नाहीत, चारशे-पाचशे तरी. शिष्याने जाळीला माईक टेकवला की गुणगुण सगळीकडे घुमायची आणि पुढच्या रांगेतली मंडळी नकळत आपापले दंड चोळायची.

निर्दंशबाबा आले. त्यांनी बाही वर सरकवली, कोपरापर्यंत हात पिंजऱ्यात घातला आणि डोळे मिटले.

"डास कुणाला चावतो?" बाबांनी विचारलं. "ज्याच्या रक्तात भीती असते त्याला! भीती म्हणजे काय? लहर! डास येतो कशावर? लहरीवर! माझ्या रक्तात लहरच नाही. म्हणून डास माझ्या हातावर बसतो, नमस्कार करतो आणि निघून जातो."

शिष्याने घड्याळ लावलं. दहा मिनिटांनी हात बाहेर आला. एक गांधसुद्धा नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेजारी बसलेल्या माझ्या ताईने डोळे पुसले आणि मला कोपर मारलं. "आता बोल की! मोठा डासवाला ना तू?"

डासवाला मीच. डासांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात अठरा वर्षं नोकरीला आहे. डास कुठल्या पाण्यात अंडी घालतो, किती ऊन पडल्यावर किती वाढतो, कुणाचा घाम त्याला आवडतो, या सगळ्यावर माझे निबंध आहेत. मी आणि माझ्याशी भांडणारे दोघे सोडून ते कुणी वाचत नाही, पण आहेत. त्या वर्षी शहरात डासांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ होती. आमच्या केंद्राने भिंतीभिंतींवर सूचना चिकटवल्या. लोकांनी त्यांच्यावरच शिकवणीच्या जाहिराती चिकटवल्या. बाबांना मात्र येऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच शहर त्यांच्या शब्दावर डोलायला लागलं.

खरं सांगायचं तर मी बाबांचं बिंग फोडायलाच गेलो होतो. सभा संपल्यावर तरातरा मंचावर चढलो.

"बाबा, हाताला काही लावलंय का?"

"धुऊन घ्या, बाळ."

मी साबणाने त्यांचा हात धुतला. स्पिरिटने पुसला. हात पुन्हा पिंजऱ्यात गेला. डास जिवंत होते, टवटवीत होते, हातावर बसतही होते. चावत मात्र नव्हते. मी जवळून फोटो काढले आणि चीतपट होऊन घरी आलो.

इथवरही ठीक होतं. पण मी पडलो शास्त्रज्ञ. साधा माणूस फसला तर हात जोडून मोकळा होतो. शिकलेला माणूस फसला तर टिपण लिहितो. मीही लिहिलं: 'मानवी त्वचेतील अज्ञात डासरोधक घटक: एक प्राथमिक निरीक्षण'. दुसऱ्या दिवशी जाऊन बाबांच्या घामाचे बोळे बाटलीत भरून आणले. मोठं पारितोषिक मिळणार याविषयी माझ्या मनात शंका उरली नव्हती. भाषणात बायकोचे आभार कितव्या वाक्यात मानायचे, तेवढंच ठरायचं होतं.

पुढच्या सभेत बाबा गरजले, "खुद्द संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ माझा घाम घेऊन गेले!" मागे फलक लागला होता. त्यावर मी होतो. हातात कापसाचा बोळा, चेहऱ्यावर धन्यता.

त्याच सभेत बाबांनी सिद्धजल वाटायला सुरुवात केली. वाटीभर पाणी, त्यात एक पान. "उशाशी ठेवायचं. चाळीस दिवस झाकायचं नाही, ओतायचं नाही, हलवायचं नाही. झाकलं की सिद्धी कोंडते, ओतलं की पळते." माणसं वाटीसाठी रांगेत भांडली. साठलेलं, उघडं, न हलवलेलं पाणी म्हणजे डासांचं बाळंतपणाचं घर, हे मी अठरा वर्षं सांगत आलोय. त्या दिवशी तिथेच उभा होतो. सगळं ऐकलं. पण डोक्यात फक्त घाम होता.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. तिची नऊ वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती, इस्पितळात ठेवली होती. मी धावलो. पोर पांढरीफटक पडली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"रक्तातल्या प्लेटलेट झपाट्याने उतरताहेत. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. यांच्या गल्लीतली ही अकरावी रोगी."

"जाळी लावत नव्हतीस का तिच्या पलंगाला?" मी ताईवर डाफरलो.

ताईने माझ्याकडे बघितलं. "काढली मी जाळी. तूच म्हणालास ना, बाबांच्या घामात काहीतरी आहे म्हणून? मला बाबांचं नव्हतं रे खरं वाटलं. तुझं वाटलं."



मुलीचे कपडे आणायला मी ताईच्या घरी गेलो. उशाशी वाटी होती. वाटीत पान होतं आणि पानाभोवती अळ्या वळवळत होत्या. ज्यांच्या जिवावर माझा संसार चालतो, त्याच अळ्या माझ्या भाचीच्या उशाशी पोसल्या जात होत्या. मी वाटी मोरीत उपडी केली आणि घासून पालथी घातली.

दुसऱ्या दिवशी केंद्रात कशातच लक्ष लागेना. आमच्याकडे एक काकू आहेत. डासांच्या कोषांची निवड त्या करतात. अळीचा कोष होतो आणि कोषातून डास बाहेर येतो. लहान कोष नराचा, मोठा मादीचा. बावीस वर्षं काकू चमच्याने हे निवडताहेत, तांदूळ निवडावेत तसे. त्यांनी चहा आणून ठेवला आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं आणि बाबांच्या हाताचा फोटो दाखवला.

काकूंनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला. आणि फिसकन हसल्या.

"अहो साहेब, हे सगळे नवरेच आहेत की!"

"म्हणजे?"

"मिशा बघा ना! झुपकेदार, पिसासारख्या. हा नर, हा नर, हाही नर. यात एक बाई दाखवा मला. नर कशाला चावतील? फुलांचा रस पिऊन राहतात बिचारे. रक्त पिते ती मादी, अंडी घालायची असतात म्हणून. हे तुम्हीच सांगता ना नवीन पोरांना?"

मीच सांगतो. पहिल्याच तासाला सांगतो. आणि तीन आठवडे हा फोटो माझ्याच फोनमध्ये होता. मी बाबांचा हात पाहिला, त्वचा पाहिली, घाम पाहिला. डासांकडे पाहिलंच नाही. ते काय, रोजचेच.

काकूंचं हसू थांबलं. "पण साहेब, नुसते नर निवडून याला देतं कोण? हे येरागबाळ्याचं काम नाही." मग हळूच म्हणाल्या, "ते माशांवाले गृहस्थ... त्यांच्याकडे मासे आहेत तरी किती?"

चार महिन्यांपूर्वी एक नम्र गृहस्थ केंद्रात आले होते. शोभेचे मासे पाळतो, खाद्य म्हणून डासांचे कोष मिळतील का, असं विचारत होते. आम्हाला प्रयोगाला माद्या लागतात, नरांचे कोष उकळत्या पाण्यात जातात. मी उदार झालो. "नरच देतो, चुकून उडाले तरी चावायचे नाहीत," म्हणालो आणि वर तासभर व्याख्यान दिलं. गृहस्थ इतके मन लावून ऐकत होते की मला वाटलं, चला, आपलं ऐकणारं कुणीतरी भेटलं! तेव्हापासून दर सोमवारी बरणी जात होती. बाबांच्या सभेत घड्याळ लावणारा शिष्य जरा ओळखीचा का वाटायचा, ते आता कळलं. चमत्कार बाबांचा होता. कच्चा माल, कारागिरी आणि शिकवणी आमची.

शनिवारच्या सभेला मी आणि काकू गेलो. काकूंच्या हातात केंद्रातला पिंजरा होता आणि त्यात नुसत्या माद्या होत्या, आमच्याकडेच वाढलेल्या, कुठल्याही रोग्याला कधी न चावलेल्या. भाचीचा ताप आदल्या दिवशी उतरला होता. तिच्याजवळ भावोजींना बसवून ताईही आली.

मी तो पिंजरा बाबांच्या पिंजऱ्याशेजारी ठेवला. "बाबा, यात हात घाला. दहा मिनिटं नको, एकच."

बाबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "या पिंजऱ्यात अश्रद्धेच्या लहरी आहेत."

"लहरी नाहीत हो," काकू म्हणाल्या, "बाया आहेत."

सभागृहात खसखस पिकली. तेवढ्यात ताई मंचावर चढली. कुणाला काही न विचारता तिने बाबांच्या पिंजऱ्यात हात घातला. शिष्य पुढे सरसावला, पण पहिल्या रांगेतून लोक ओरडले, "राहू दे, राहू दे!" पाच मिनिटं ताई तशीच उभी राहिली. मग तिने हात बाहेर काढून सगळ्यांसमोर धरला. एक गांध नाही.

"आठ दिवस माझ्या रक्तात भीतीशिवाय दुसरं काही नाही," ताई म्हणाली. "मग मला का नाही चावले?"



मग मी काकूंच्या पिंजऱ्यात हात घातला. मिनिटभरात हाताची पुरणयंत्राच्या जाळीसारखी चाळण झाली. तो हात खाजवत खाजवतच मी नर-मादीची गोष्ट सांगितली. मग उरलेलं सांगितलं, की हे नर आमच्या केंद्रातले, दिले मी, युक्तीही नकळत मीच शिकवली आणि फलकावरचा बोळेवाला गाढवही मीच. सांगताना घाम फुटला. एक आजोबा उठून म्हणाले, "माझा नातू अजून इस्पितळात आहे, साहेब."

या गडबडीत बाबा ध्यानाला म्हणून मागच्या दाराने गेले, ते परत आलेच नाहीत. शिष्यही त्यांच्यामागे गेला. काकूंनी माईक घेतला. "घरी जा आणि आधी त्या वाट्या ओता. भांडी घासून पालथी घाला." लोक उठले.

साथ काही एका रात्रीत गेली नाही, पण महिन्याभरात इस्पितळातल्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या. आजोबांचा नातू घरी आला. माझी भाचीही आली. केंद्राने मला कडक समजपत्र दिलं आणि नवीन पोरांचा पहिला तास काकूंकडे सोपवला. दोन्ही निर्णय योग्यच होते.

म्हणून हात जोडून एवढंच सांगतो. आठवड्यातून एकदा घरातलं साठलेलं पाणी ओता, भांडं घासा, पिण्याचं झाकून ठेवा. जाळी लावा. ताप आला की डॉक्टर गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर तो जिकडे बघ म्हणेल तिकडे बघू नका. तो ज्याकडे बघू देत नाही तिकडे बघा. प्रश्न पडला तर मोठ्याने विचारा. शेजारी एखादा शास्त्रज्ञ मान डोलावत बसला असेल, तर जरा जास्तच मोठ्याने.