पेत्राकेदाजींच्या मापाचे बूट

आमचे पेत्राकेदाजी गेले ते नुसते मोजे घालून गेले आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला. मुळात त्यांचे पाय म्हणजे दोन होड्या, त्यात शेवटच्या आजारात सूज. घाईघाईत आणलेले बूट काही केल्या चढेनात. शेवटी ते शवपेटीत पायांशेजारी ठेवले आणि झाकण लावलं. मी म्हटलं, सूज उतरली की घालतील. माझ्या थोरल्या बहिणीला, वेताताईला, हा विनोद अजिबात आवडला नाही.

वसंतात दाजी तिच्या स्वप्नात यायला लागले. बागेच्या टोकाला, ओल्या गवतात, अनवाणी. बोलायचे काही नाहीत, नुसते खाली पायांकडे बघत उभे. ताई सकाळी उठायची ती डोळे सुजवूनच.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला वस्तू पोचवायची एकच रीत आहे. ती वस्तू नवी कोरी घ्यायची, वर पाव आणि पेटती मेणबत्ती ठेवून गरजवंताला द्यायची. घेणाऱ्याने मेलेल्याचं नाव मनात धरून म्हणायचं, "देव त्याला माफ करो." मग इकडे तो वापरतो आणि तिकडे आपला माणूस वापरतो. पथ्यं दोनच. ते वाक्य म्हटलं नाही तर दान पोचत नाही, आणि घेणाऱ्याकडून एक पैसा जरी घेतला तरी त्याची विक्री होते. विकलेली वस्तू वर जात नाही.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. सूर्य मावळल्यावर मी कुणाच्या हातावर पैसे ठेवत नाही, घरातली बरकत जाते म्हणून. पण ती वेगळी गोष्ट झाली.

उन्हाळ्यातला पितरांचा शनिवार जवळ आला होता. त्या दिवशी दिलेलं लवकर पोचतं म्हणतात. म्हणून आम्ही दोघी बूट घ्यायला क्रायोवा शहरात गेलो. आता आमची ताई भाव करायला बसली की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळतं. मीठसुद्धा तिने कधी सांगितल्या भावाने घेतलं नाही. पण दानाच्या वस्तूचा भाव करायचा नसतो, नाहीतर पुण्यही तेवढंच कमी होतं. दुकानदाराने सत्तेचाळीस नंबरचे काळे बूट काढले, किंमत सांगितली आणि ताईने मुकाट्याने पाकीट उघडलं.

दुकानदार गडबडला. "मावशी, थोडे कमी करून देतो की."

"नको."

"अहो, सकाळची भवानी आहे. चाळीस लेई कमी द्या."

"तुला सांगितलं ना, नको म्हणून," ताई गुरकावली. त्या बिचाऱ्याने बूट उलटेपालटे करून बघितले. आपल्याच मालात काय सोनं दडलंय हे त्याला कळेना.

बूट आले, पण ते घालणार कोण? पाद्रीबाबा म्हणाले, कुणालाही द्या, देव माप बघत नाही. ताईला ते मान्य नव्हतं. लहान पायाच्या माणसाला दिले तर तो इकडे फरफटत चालेल आणि दाजी तिकडे फरफटतील. पुढच्या रविवारी चर्चमध्ये सगळे मान वर करून गात होते आणि आमची ताई मान खाली घालून गावाचे पाय मोजत होती. लोकांना वाटलं, दुःखाने वाकली बिचारी.

सत्तेचाळीस नंबरचा पाय गावात एकच निघाला, सांदूचा. आणि सांदू म्हणजे दाजींचा जन्माचा वैरी.

एके काळी दोघं एका ताटात जेवायचे. मग सांदूने दाजींना घोडी विकली. जनावर विकताना दावं काढून ठेवायचं असतं, नाहीतर गोठ्याची बरकत दाव्याबरोबर जाते. त्या दिवशी पाऊस होता. दाजी म्हणाले, दावं उद्या आणून देतो, आणि तो उद्या काही उजाडला नाही. वर्षभरात सांदूची दोन वासरं मेली, पुढच्या वर्षी बायको गेली. तेव्हापासून तो दाजी दिसले की रस्त्याच्या पलीकडच्या कडेला जायचा.

तरीही ताई बूट घेऊन त्याच्याकडे गेली. तो पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता. पायांत जुने जोडे, पुढून कापून बोटांना वाट करून दिलेली. त्याने बूट बघितले आणि आतून पैसे घेऊन आला.

"हे घे वहिनी. बूट ठेव आणि जा."

"पैसे कसे घेऊ? मग त्यांना काय मिळणार?"

"ते मला ठाऊक नाही. पेत्राकेचं फुकट मला नको."

ताई बूट घेऊन परत आली. त्यानंतर स्वप्नात दाजी नुसते उभे राहीनात, थंडीने पाय आळीपाळीने उचलायला लागले. ताईचं खाणंपिणं सुटलं. तिच्याकडे बघून माझाच जीव तुटायला लागला. शुक्रवारी संध्याकाळी मी डोक्याचा रुमाल घट्ट बांधून सांदूकडे भांडायला गेले.

"सांदूभाऊ, तुम्हाला लाज वाटत नाही? एक वाक्य म्हणायला काय जिभेला काटे टोचतात?"

"मास्तरीणबाई, आल्या? बसा."

"बसायला नाही आले. मेलेल्या माणसाशी कसलं वैर धरता?"

"त्याने माफी मागितली असती तर नसतं धरलं."

"मागायला ते आले असते. तुम्ही कधी बोललात त्यांच्याशी?"

"तो माफी मागेपर्यंत कसा बोलू?"

मी कपाळाला हात लावला. "बरं, मग नुसतं तोंडाने म्हणा. मनात काय ते कोण बघायला येतंय?"

सांदूने कोयता बाजूला ठेवला. "हेच तर म्हणतोय मी. नुसतं तोंडाने म्हटलं तर पोचायचं नाही. वहिनीला वाटेल पोचलं, आणि तो तिकडे अनवाणीच. हे पाप मी कशाला घेऊ? त्यापेक्षा नाही म्हणतो ते बरं."

तरी जाता जाता मी त्याला गाढव म्हटलंच.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. तिने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "म्हणजे तो खोटं बोलणार नाही. मग त्यालाच द्यायला हवेत."

शनिवारी सकाळी आम्ही त्याच्या दारात. ताईने बाकावर बूट ठेवले, वर पाव ठेवला, मेणबत्ती पेटवली.

"वहिनी, परत तेच."

"काही म्हणू नकोस," ताई म्हणाली. "नुसते घालून बघ. माप बरोबर आहे का एवढंच बघायचंय मला. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे."

तिचा आवाज ऐकून सांदू खाली बसला. कापलेले जोडे काढले. त्याची बोटं एकमेकांवर चढलेली होती, आल्याच्या गड्ड्यासारखी. आमच्या बाजारात पंचेचाळीसच्या पुढे बूट मिळत नाहीत. दाजी पुढे पैसेवाले झाले, शहरातून मापाचे शिवून आणायचे. सांदूने जन्मभर मिळेल त्यात पाय कोंबले.

त्याने उजवा बूट घातला, मग डावा. उभा राहिला. विहिरीपर्यंत गेला आणि परत आला. मग पुन्हा गेला. दुसऱ्यांदा तो जरा रेंगाळतच आला, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे बघायला लागले.

"चावत नाहीत," तो म्हणाला.

त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. ताईने डोळे वटारले. हात बाहेर आला.

तो बाकावर बसला आणि बुटांकडे बघत हसला. "वहिनी, पोरपणी आम्हा दोघांच्या मापाचा गावात एकच जोड होता, माझ्या आजोबांचा. नाचाला गेलो की एक नाच मी, एक नाच तो. एकजण नाचायचा, दुसरा कुंपणामागे अनवाणी."

"मला कधी बोलले नाहीत," ताई म्हणाली.

"कसा बोलेल? ज्या नाचात तू त्याला पहिल्यांदा हो म्हणालीस ना, तो नाच माझा होता. मला म्हणाला, सांदू, एवढा एक दे, त्या मुलीला विचारायचंय. मी बूट काढून दिले. दवात उभा होतो. पाय गारठले, पण काय खूश होतो मी त्याच्यासाठी." मेणबत्ती वाऱ्याने विझू नये म्हणून त्याने तिच्यापुढे हात धरला. मग टोपी काढली आणि सावकाश म्हणाला, "देव पेत्राकेला माफ करो. मीही करतो."

ताई रडली, मीही रडले. विश्वास नसला म्हणून काय झालं, रडायला कुठे बंदी आहे? मग सांदूने आलुबुखाराची दारू काढली, आम्ही तिघांनी तो पाव खाल्ला, आणि उन्हं चढेपर्यंत दाजींची निंदा करत मजेत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले तर ती गाईची धार काढत होती. रात्रभर गाढ झोपलेल्या माणसासारखा चेहरा.

"आले होते?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बूट मिळाले. आता कशाला येतात?"

हसत होती ती. धार काढून झाली, तिने बादली बाजूला सारली, पण उठली नाही.

"स्मारांदा," ती म्हणाली, "हिवाळ्यात टोपी मागायला तरी येतील ना गं?"

"येतील," मी म्हटलं.