झुरळं वगैरे

सगळ्या गोंधळाच्या मुळाशी एकच शब्द होता आणि तो अनुयानं स्वतः लिहिला होता. हेच तिला जास्त लागलं. कारण असे शब्द लिहू नयेत, हे सांगण्याचाच तिला पगार मिळत होता.

सिंगापूरच्या एका संशोधन संस्थेत ती अमेरिकेच्या युद्धविषयक कायद्यांचा अभ्यास करायची. २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकन काँग्रेसनं राष्ट्राध्यक्षांना लष्कर वापरायची परवानगी दिली, त्या ठरावावर तर तिचा खास राग. जेमतेम साठ शब्द. त्यात ना मुदत, ना जागेचं नाव. हल्लेखोर आणि त्यांना आश्रय देणारे, अशा सगळ्यांविरुद्ध आवश्यक ते बळ वापरायची मुभा. दोन्ही सभागृहांत मिळून विरोधात मत पडलं एकच, एका बाईंचं. पुढे एकामागून एक राष्ट्राध्यक्ष तेच साठ शब्द घेऊन देशोदेशी फिरले. "परवानगी देताना ती कुठे संपते ते आधी लिहा," असं अनुया पंधरा वर्षं विद्यार्थ्यांना बजावत आली होती.

तर एका सोमवारी बेडोक उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये राइस कुकरच्या झाकणावर एक झुरळ निघालं. शनिवारी दुपारपर्यंत अनुयाला याच ठरावावरचा लेख द्यायचा होता. तिनं मान वर न करता घरच्या ग्रुपवर नवऱ्याला लिहिलं, 'निशी, झुरळं वगैरेंचा बंदोबस्त तू कर. लागेल ते कर.' घरात सगळं मतानं व्हायचं, म्हणून खाली 'मत द्या' असंही लिहिलं. निशिकांतचं 'हो' लगेच आलं.

त्यांची बारा वर्षांची गार्गी समोरच बसली होती. शाळेतलं सिंगापुरी इंग्रजी तिच्या तोंडात बसलं होतं. "आई, वगैरे मीन्स एट सेट्रा, राइट?"

"हो."

"कॅनॉट लाह. एट सेट्रा गॉट नो एंडिंग. आणि माझा अंकल?"

अंकल म्हणजे एक कोष. दाराबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कढीपत्त्याची कुंडी होती, तिच्यावर गार्गीनं एक अळी पाळली होती. अळीचा कोष झाला आणि तो दिवसभर झोपूनच असतो म्हणून त्याचं नाव अंकल. आठवडाभरात त्यातून फुलपाखरू निघणार होतं आणि गार्गी रोज शाळेतून आल्यावर बूट काढायच्या आधी त्याला बघून यायची.

"अंकलला कोण हात लावतंय? झुरळं आहेत गं फक्त," अनुया म्हणाली.

"आय व्होट नो," गार्गी म्हणाली. ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर झाला.

निशिकांत बँकेत जोखीम विभागात होता. न घडलेल्या संकटांची काळजी करून रोज दमून घरी येणारा माणूस. आता पहिल्यांदाच त्याच्यापुढे घडलेलं संकट होतं आणि त्याच्या अंगात नुसतं वारं भरलं. मंगळवारी त्यानं तीन झुरळं मारली. तिथंच थांबला असता तर अनुयानं त्याला ओवाळलं असतं. बुधवारी त्यानं मुंग्यांवर मोर्चा वळवला, कारण मुंग्या झुरळांना वाट दाखवतात म्हणे. मग गूळ, पोहे आणि खजूर हे 'आश्रय देणारे' ठरले आणि चिकटपट्ट्या लावून बंद झाले. इकडच्या नव्या फ्लॅटना बॉम्बपासून बचावासाठी एक जाड भिंतींची खोली, म्हणजे शेल्टर, असते आणि तिच्यात सगळे लोक सुटकेसी ठेवतात. निशिकांतनं सुटकेसी हॉलमध्ये हलवल्या आणि आत फवारे, घराचा नकाशा आणि स्टूल नेलं.

गुरुवारी अनुयाला चहासाठी साखर मिळवायला तीन पिशव्या सोडाव्या लागल्या. शिवाय त्यानं स्वयंपाकघराची पुनर्बांधणी म्हणून एक नवं शेल्फ ठोकलं होतं. त्यामुळे फ्रिज आता चारच बोटं उघडायचा. अंडी काढायला गार्गीला बोलवावं लागायचं.

"निशी, दोन दिवसांत एकही झुरळ दिसलं नाही. झालं ना काम? आवर आता," ती म्हणाली.

"आत्ता माघार घेतली तर पोकळी निर्माण होईल."

हे वाक्य अनुयानं निदान चाळीस सरकारी अहवालांत वाचलं होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकण्याची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी गार्गी शेल्टरच्या दारावर चिकटवलेला कागद काढून घेऊन आली. त्यावर निशिकांतच्या सुबक अक्षरात होतं: 'शनिवार, सकाळी आठ. कॉरिडॉर. कढीपत्ता. फवारणी.'

"आई," गार्गी कागद पुढे करत म्हणाली, "अंकल इज इन द एट सेट्रा."

अनुयानं तो कागद घेतला. ती तडक शेल्टरमध्ये गेली.

निशिकांत स्टुलावरून उठलाही नाही. "कोषात किडाच असतो. किडा म्हणजे वगैरे. तूच लिहिलंयस. कढीपत्ता सोडून, असं त्यात कुठे आहे ते दाखव."

 हाच युक्तिवाद अनुया वर्गात नक्कल करून दाखवायची आणि विद्यार्थी खो खो हसायचे. आत्ता तिला त्यातलं काहीच विनोदी वाटेना.

"मी परवानगी रद्द करायचा ठराव मांडते."

"सेकंड," गार्गी म्हणाली.

"मी नकाराधिकार वापरतो."

"खुशाल वापर. दोन तृतीयांश मतांनी तो मोडता येतो."

निशिकांतनं फोनवर हिशेब केला. "तुमचे सहासष्ट पूर्णांक सहासष्ट टक्के होतात. आमच्याकडे बँकेत दोन तृतीयांश म्हणजे सदुसष्ट धरतात."

"बाबा, थ्रीमधले टू इज टू-थर्ड्स. प्रायमरी स्कूल मॅथ्स लाह."

निशिकांतनं फवारा खाली ठेवला.  "मग उद्या मी काय करू?" त्यानं विचारलं, आणि अनुयाला त्याची फार दया आली.

"फ्रिज उघडेल असं कर," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सव्वाआठला अंकल निघाला. काळा, ओला, चुरगळलेला. निशिकांत कुंडीपाशी श्वास रोखून उभा होता. कठड्यावर एक मैना बसली तशी त्यानं चप्पल काढली.

"बाबा," गार्गी म्हणाली, "परमिशन?"

"एक मैना. फक्त हाकलणं. पाच मिनिटं," अनुयानं सांगितलं. मैना आपली आपणच उडाली. तासाभरानं अंकलही पंख वाळवून समोरच्या ब्लॉककडे गेला. गार्गीनं त्याला हात केला आणि मग ती रडली.

अनुया लेख पाठवायला बसली. गार्गी मागे येऊन उभी राहिली आणि पडद्यावरचं शेवटचं पान वाचू लागली. या एका ठरावाच्या आधारानं अफगाणिस्तान, येमेन, सोमालिया, एट सेट्रा ठिकाणी लष्करी कारवाया झाल्या, असं तिथे होतं. शब्दमर्यादा सांभाळायला अनुयानंच तसं लिहिलं होतं.

"आई, तुझ्या एट सेट्रामध्ये कोण राहतं?"

अनुयाचे कान गरम झाले. तिनं तो शब्द खोडला आणि एकेक नाव टाइप करायला घेतलं. इराक. सीरिया. लिबिया. नायजर. जिबूती. फिलिपिन्स.

"फिलिपिन्स?" गार्गी म्हणाली. "दॅट्स सो निअर."

"हो," अनुया म्हणाली. लेख मर्यादेबाहेर गेला होता. तिनं तो तसाच पाठवला.