साडेसहा कोटी वर्षांचं गोड पाणी

त्या मंगळवारी गावात कुणाचाही दात दुखत नव्हता. मी दातांचा डॉक्टर; तीन अपॉइंटमेंट रद्द झाल्यावर मला संशय आला. चौकशी केली तेव्हा कळलं, की माझे सगळे पेशंट दगडखाणीवर पाषाणबाबांपुढे आ वासून बसलेत. दवाखान्याला कुलूप लावून मीही निघालो.

खाणीच्या कडेला पत्र्याची शेड, शेडखाली दोनेकशे माणसं. समोर चौथऱ्यावर बाबा आणि त्यांच्या शेजारी संत्र्याएवढ्या गोल दगडांनी भरलेली टोपली. बाबांनी एक दगड उचलला, माईकजवळ नेला आणि हलवला. डुबुक, डुबुक. दोनशे माना पुढे झुकल्या.

"ऐकलंत?" बाबा म्हणाले. "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ही जमीन आग ओकत होती. त्या आगीच्या पोटात हे पाणी जिवंत राहिलं! जे आगीला भ्यालं नाही, ते तुमच्या ब्लडप्रेशरला भिणार आहे?"

मग हातोडी. टक्! दगड फुटला, आतले स्फटिक चमकले आणि पाणी वाटीत पडलं. समोरच्या बाईंनी ते एका घोटात संपवलं.

"कसं आहे?"

"गोड!"

"आणि अंगात?"

"तरतरी आली हो, बाबा!"

टाळ्यांचा कडकडाट. त्या बाईंचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी मान उंच करून पाहिलं. त्या माझ्या सासूबाई होत्या.

आता यातली खरी गंमत सांगतो. सासूबाईंची थोरली मुलगी, म्हणजे माझी मेहुणी, भूवैज्ञानिक आहे. आम्ही तिला ताई म्हणतो, खाणीतले मजूर दगडताई म्हणतात. सासूबाई आमच्याकडेच असतात; तीही चार महिन्यांपासून आमच्याकडे राहत होती आणि रोज सकाळी हातोडा, भिंग आणि डबा घेऊन त्याच खाणीवर जात होती. खाणीची भिंत म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचे एकावर एक सात थर. "हा लाव्हा डोंगराच्या तोंडातून उडालेला नाही," ती सांगायची. "जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि तो दूध उतू जावं तसा शेकडो मैल पसरला. थिजला. मग त्याच्यावर पुन्हा दुसरा." दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा होता. तेवढा वेळ जमीन निवांत होती, तिच्यावर झाडंझुडपं उगवली होती. तो वेळ किती होता, हे ताईला शोधायचं होतं.

स्थानिक पेपरवाल्याने तिची मुलाखत घेतली होती. तीत तिने सांगितलं, की थिजणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढतात आणि क्वचित एखाद्या पोकळीत पाणीही सापडतं. बाबांनी ती मुलाखत पाठ केली होती. फक्त एक शब्द गाळला: क्वचित.

"आई, मी तीस वर्षांत हजारो दगड फोडले," ताई जेवताना म्हणाली. "पाणी निघालं तीन दगडांतून. तेही थेंबभर. आणि तुझ्या बाबांच्या प्रत्येक दगडात वाटीभर?"

"तुला दगड फोडता येतात, त्यांना दगडाशी बोलता येतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या तीस वर्षांच्या संशोधनानं कुणाची डोकेदुखी तरी थांबली का?"

"नाही. माझ्या व्याख्यानानं सुरू झाल्याचं मात्र पाहिलंय."

"बघा जावईबापू, ही अशी उलट बोलते!"

"इन्सुलिन घेतेस ना पण?" ताईने विचारलं.

"घेते गं बाई. रोज घेते."

त्या घेत नव्हत्या. आठव्या दिवशी भरदुपारी सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. इस्पितळात नेईपर्यंत त्यांना माणसं ओळखू येईनात. रक्तातली साखर साडेपाचशेच्या वर. बायकोने घरी येऊन फ्रीज उघडला, तर इन्सुलिनची पेनं लोणच्याच्या बरणीमागे सीलबंद.

दोन दिवस ताई अतिदक्षता विभागाच्या दारात बसून होती. "मुलाखत मीच दिली," एवढंच ती एकदा म्हणाली. मी चहा आणून दिला. तो तिच्या हातात तसाच गार झाला.

तिसऱ्या दिवशी सासूबाई शुद्धीवर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "माझ्या पिशवीतला दगड सांभाळून ठेवा." बाबांनी तो घरी फोडायला दिला होता. ताईने तो उचलला आणि आम्ही दोघं थेट माझ्या दवाखान्यात गेलो.

दातांच्या खुर्चीवरच्या दिव्याखाली दगड ठेवला. ताईने भिंग लावलं, सावकाश फिरवलं आणि थांबली. "हे बघ. एवढा नेमका गोल ठिपका निसर्गात दिसला नाही मला कधी."

मी वाकून पाहिलं. पेन्सिलीच्या शिशाएवढा राखाडी ठिपका. माझा धंद्यातला अभिमानच दुखावला. "ताई, हे फिलिंग आहे! आणि काय टुकार फिनिशिंग! मी असा दात भरला असता तर पेशंटनं मला बदडलं असतं."

माझ्या बारीक ड्रिलने ते भरण काढलं. नळाची गळती बुजवायला वापरतात ती लांबी निघाली, वर दगडाची पूड चोपडलेली. म्हणजे खाणीतून पोकळ दगड गोळा करायचे, भोक पाडायचं, सिरिंजने पाणी भरायचं, बुजवायचं. झालं साडेसहा कोटी वर्षांचं अमृत!

छिद्रातून पाणी ठिबकलं. ताईने बोट लावून जिभेवर टेकवलं. भूवैज्ञानिकांना दगड चाटायची खोड असते, हे मला लग्नानंतर कळलंच होतं. तिचा चेहरा बदलला. "आईचं साखर मोजायचं मशीन कुठाय?"

मशीनच्या पट्टीवर एक थेंब ठेवला. आकडा आलाच नाही. मोजमापाच्या पलीकडे, एवढंच मशीन म्हणालं.

पुढच्या मंगळवारी आम्ही शेडमध्ये होतो. सासूबाईही. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं होतं, पण त्या म्हणाल्या, "फसले मी, तर बोलणारही मीच," आणि माझा दंड धरून चौथऱ्यावर चढल्या. ताईने मुकादमासमोर खाणीच्या भिंतीतून काढलेले बारा गोल दगड मांडले. "बाबा, हे फोडा."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाबांनी फोडले. बाराही कोरडे ठणठणीत.

बाबा गोड हसले. "ताई, तुमच्या अहंकारानं पाणी आटलं!"

लोकांनी माना डोलावल्या. काहींनी टाळ्याही वाजवल्या. एवढा सरळ पुरावा, आणि तो या गृहस्थाने फुंकरीसरशी उडवला!

तेवढ्यात सासूबाईंनी बाबांच्या टोपलीतला दगड उचलला आणि हातोडी मारली. पाणी वाटीत पडलं. पर्समधून मशीन काढून त्यांनी पट्टीवर थेंब ठेवला आणि मशीनवर उमटलेलं 'मोजमापाच्या पलीकडे' माईकमध्ये वाचून दाखवलं.

"यात ग्लुकोज आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तरतरी येते. मला मधुमेह आहे, मी हे आठ दिवस प्यायले आणि मरता मरता वाचले. आता बाबा, एवढंच सांगा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ग्लुकोजची पावडर कुठल्या दुकानात मिळत होती?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग एक रांग हसली, मग अख्खी शेड. मी टोपलीतले आणखी चार दगड घेऊन सगळ्यांदेखत त्यांची बुचं उपटली. बाबा काहीतरी बोलत होते, पण हसण्यात माईकचंही काही चालेना.

मग मधल्या रांगेतला एक रिक्षावाला उभा राहिला. तो हसत नव्हता. "माझ्या बायकोनं फिटच्या गोळ्या बंद केल्यात. तीन आठवडे झाले."

लोक वळून त्याच्याकडे बघू लागले. "माझ्या वडिलांनी हृदयाच्या," दुसरा म्हणाला. मग तिसरी. मग हात वर येतच गेले.

"आत्ता उठा," ताई म्हणाली. "घरी थांबू नका, आपल्या माणसाला घेऊन आधी डॉक्टरकडे जा. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारा."

माणसं धडाधड उठली. त्या गडबडीत बाबा मागच्या बाजूने सटकले. दोन दिवसांनी बसस्थानकावर पोलिसांना सापडले.

जायच्या आधी एका आजोबांनी ताईला गाठलं. "मग तो साडेसहा कोटींचा आकडाही थापच का?"

"नाही आजोबा, तो खरा आहे. प्रयोगशाळेत मोजलाय. कसा मोजला ते तुम्हाला दाखवते, चूक वाटली तर सांगा."

"आणि खाणीच्या भिंतीतल्या त्या लाल पट्ट्याचं काय? किती वर्षांचा तो?"

"माहीत नाही. तीस वर्षं शोधतेय," ताई म्हणाली.

मला त्या दिवशी एवढंच कळलं. जो माणूस रोज दगड फोडतो, तो 'माहीत नाही' म्हणायला लाजत नाही. म्हणून वाचकहो, तुमच्या पुढ्यात कुणी चमत्कार मांडला तर टाळी वाजवण्याआधी तो हातात घ्या, उलटा करून बघा, भिंग लावा, प्रश्न विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध चालू ठेवा.