राजेश्वरीच्या मेमरीचा घोळ

देवळाली प्रवरातल्या घरी बसून राजेश्वरी पुण्यातल्या एका कंपनीसाठी कर्नलचं काम करायची. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यातला प्रोग्राम. तो बिघडला की अख्खं मशीन आडवं. गेले चार दिवस तिच्या कोडची एक सुरक्षा तपासणी काही केल्या पास होत नव्हती, आणि ती आपल्या वरिष्ठाला, करणला, फोनवर सारखी सांगत होती, "मेमरीतच घोळ आहे रे. कुठं चुकतंय तेच कळत नाही."

शेजारच्या खोलीत सासूबाई, चांगुणाबाई, हे चारही दिवस ऐकत होत्या. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सून विसरायला लागली! त्यांनी गुपचूप श्रीरामपूरच्या नणंदेला फोन केला. दुसऱ्या दिवशी रंगुआत्या ब्राह्मीच्या तेलाची बाटली घेऊन एसटीनं हजर झाल्या.

राजेश्वरीनं हेडफोन काढला न काढला, तोच टाळूवर थंडगार तेल ओघळलं.

"आत्या! अहो, हे काय?"

"गप बस. डोक्याला ताप झाला की असं हुतं. सांग बरं, माझ्या धाकट्या जावयाचं नाव काय?"

हे राजेश्वरीला कधीच माहीत नव्हतं. नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अहो, माझी नाही, कॉम्प्युटरची मेमरी बिघडलीय!"

"आजारी मानूस कधी कबूल करतो व्हय?" आत्या म्हणाल्या. "बरं, तुझं काम वळीनं सांग. एक बी पायरी गाळायची न्हाई."

चष्म्यावरचं तेल पुसत राजेश्वरी शरण गेली. "मेमरीची पानं असतात, आत्या. नवीन कोड आला की त्याला एक कोरं पान द्यायचं. ज्या पानावर लिहिता येतं, त्यावरचा कोड चालता कामा नये. आणि चालत असेल, तर तिथं कुणाला लिहिता येता कामा नये. नाहीतर एखादा चोर त्यात स्वतःचं काहीबाही लिहील, आणि मशीन मुकाट ते करत बसेल."

"बराबर हाय. म्होरं?"

"म्हणून आधी पानावर कोड लिहिते. मग चालवायची परवानगी देते. मग लिहायची परवानगी काढू..."

ती थांबली. एक परवानगी दिल्यावर आणि दुसरी काढण्याआधी, क्षणभर का होईना, त्या पानावर लिहिणं आणि चालवणं दोन्ही शक्य होतं! चोराला तेवढं पुरे. आणि तिनं चार दिवस भलतंच उकरलं होतं.

ती ताडकन उठून लॅपटॉपकडे पळाली.

"बघ," आत्या हळूच म्हणाल्या, "सांगता सांगता इसरली."

चांगुणाबाईंच्या डोळ्यांना पाणीच लागलं.

राजेश्वरीनं दोन ओळींची अदलाबदल केली. आधी लिहिणं बंद, मगच चालवणं सुरू. तपासणी पास झाली आणि ती एवढ्यानं ओरडली की दोघी धावत आल्या. सून स्क्रीनकडे बघून एकटीच हसतेय हे पाहून आत्यांनी मुक्काम आठ दिवसांनी वाढवला.

संध्याकाळी करणनं विचारलं, "सापडलं कसं?"

"आत्यांनी पायऱ्या म्हणून दाखवायला लावल्या."

करण नियमाचा पक्का. ज्यानं मदत केली, त्याचं नाव आणि ईमेल कोडमधल्या बदलाच्या नोंदीत गेलंच पाहिजे. राजेश्वरीनं फोन स्पीकरवर टाकला.

"रंगुबाई मच्छिंद्र लबडे," आत्यांनी खणखणीत सांगितलं.

"आणि ईमेल?"

"ते न्हाई बाबा. पन पत्ता घे: एसटी स्टँडच्या मागं, पिठाच्या गिरणीला लागून, श्रीरामपूर."

करणनं तो जसाच्या तसा लिहून घेतला.