शिल्लक पऱ्हाटी

कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची वाळलेली झाडं उरतात, ती पऱ्हाटी. आमच्या कंपनीला ती जाळून वीज करायची होती. त्यासाठी चांदूर रेल्वे गावाजवळ कारखाना उभा राहणार होता आणि तालुक्यात शिल्लक पऱ्हाटी किती निघते ते शोधण्याचं काम माझ्याकडे होतं. या कारखान्यावर माझा मनापासून विश्वास होता. माझी दहावी बारा-बारा तासांच्या भारनियमनात गेली. ज्या देशाकडे वीज नाही त्याने महासत्तेच्या गप्पा मारू नयेत, असं मी आजही ठणकावून सांगतो.

आठवडाभर शेतकऱ्यांना विचारत फिरलो. शेवटचं गाव माझंच होतं. तिथे पंजाबरावांची वीस एकर कपाशी.

"पऱ्हाटीचं काय करता, काका?"

"काय कराचं बापा तिचं? वावर मोकयं करा लागते. घेऊन जाय सारी."

मी फॉर्मवर लिहिलं, वापर शून्य, शिल्लक शंभर टक्के. आणि आईकडे जेवायला गेलो.

माझी आई जाईबाई. तिचा जन्म दुसऱ्यांच्या वावरात मजुरी करण्यात गेला. ती चुलीवर भाकर टाकत होती. ते पाहून माझं डोकंच फिरलं. गॅस मीच घेऊन दिला होता.

"सिलिंडर कुठं गेलं?"

"नंबर लावून महिना झाला. कुठं तरी समुद्रात जहाजं अडकली म्हनते. तोवर का उपाशी राहू?" तिने चुलीत पऱ्हाटीची काडी सारली. "हे पंजाबरावच्या वावरातली. आमी बाया उपटून देतो, तेच आमचं वर्साचं इंधन. यंदा मात्र तो नाई म्हनते. कंपनी नेऊन राहिली म्हने."

पऱ्हाटी उपटण्याची मजुरी कोणी देत नाही, बाया ती उपटतात आणि घरी नेतात. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. शाळेत असताना मीच ते भारे डोक्यावरून वाहिले होते. फॉर्मवर रकाना शेतकऱ्याचा होता, म्हणून मी फक्त शेतकऱ्यांना विचारलं. शिकूनसवरून बैलच राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून तीच गावं पुन्हा धरली आणि या वेळी बायांना विचारलं. निम्म्याहून जास्त पऱ्हाटी चुलीत जात होती.

अकोल्याच्या ऑफिसात रागिणी मॅडमनी नवा अहवाल दोनदा वाचला. त्या माझ्या साहेब, मूळच्या परतवाड्याच्या.

"एवढ्यावर कारखाना चालत नाही, संघपाल. तो दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. शेतकरी द्यायला तयार आहेत ना?"

"आहेत मॅडम. पण ती शिल्लक नाही."

"अंधारात मीही अभ्यास केलाय," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "बदलायचं असेल तर आजच बदला."

मी बदललं नाही. पंधरा दिवसांत कारखाना गेला.

रविवारी गावी गेलो. पऱ्हाटी आता कोणी नेणार नाही, असं आईला सांगितलं. तिचा चेहरा असा काही उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

"लय बरं झालं," ती म्हणाली. "आता मायंही एक काम कर. शेजारची सीमा आयटीआय झाली. थ्या कारखान्यात तिचं जमवून दे. वावरातून सुटन बिचारी."

सीमा दारातच उभी होती. तिच्या हातात सर्टिफिकेटांची फाईल होती.

"दादा, अर्ज कोनापाशी द्या लागते?"

खोटं बोलता आलं असतं. बोललो नाही.

"कारखाना येत नाही, सीमा. माझ्याच अहवालामुळे गेला."

तिने फाईल छातीशी धरली. आई माझ्यासाठी भाकर शेकत होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"काहून?" तिने विचारलं.

तिच्यासमोर चूल पेटलेली होती. तिकडे बोट दाखवायची माझी हिंमत झाली नाही.